निष्ठा कुठवर आणि कट्टरपणा कुठून? दीड तासाच्या सत्रासाठी नेमकं काहीतरी हवंय

गोदाकाठची वाचक (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गंगापूर रोडला आमचं छोटं वाचकमंडळ आहे. पुढच्या बैठकीचा विषय 'कट्टरपणा' ठरलाय आणि दीड तासाचं सत्र माझ्या गळ्यात पडलंय. पंचवीस-तीस माणसं असतात: कॉलेजची मुलं, निवृत्त शिक्षक, अंबड-सातपूरच्या कंपन्यांतले इंजिनिअर, दोघं-तिघं वकील. सगळ्या पक्षांचे, सगळ्या पंथांचे. कुठल्याही एका पक्षाचं किंवा बाबाचं उदाहरण काढलं की अर्धी खोली फुरंगटून बसणार, उरलेली अर्धी टाळ्या वाजवणार, आणि निष्पन्न काहीच नाही.

निष्ठा, ध्यास, झपाटलेपण हे सगळं आपण चांगलं मानतो. मग कट्टरपणा वेगळा ओळखायचा कसा? तपासून बघता येतील अशा खुणा आहेत का? दुसरं, पुरावा समोर ठेवला तरी माणूस हलत का नाही? आणि हे घरातच चाललं असेल तर बोलायचं कसं? 'सर्वांनी सहिष्णू व्हावं' छापाचं नको, ते आम्हाला पाठ आहे. प्रयोग, अभ्यास, करून बघता येईल अशी कृती असेल तर सांगा.

मखमलाबाद नाका

ताई, तीव्रतेने मोजायला गेलात की फसलात. निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकहून पंढरपूरपर्यंत चालणारा वारकरी, पहाटे चारला रियाजाला बसणारा गायक, आयुष्यभर एकाच जातीच्या किड्यावर काम करणारा संशोधक; तिघांची तीव्रता आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, पण म्हणून ते कट्टर ठरत नाहीत. उलट दिवसाकाठी वीस मिनिटं मोबाइलवर भांडणारा माणूस त्या वीस मिनिटांपुरता पक्का कट्टर असू शकतो.

माँट्रियलचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हॅलरँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ध्यासाचे दोन प्रकार मांडले. पहिल्यात ती गोष्ट माणसाने आपखुशीने निवडलेली असते आणि आयुष्यातल्या बाकीच्या गोष्टींशेजारी ती नांदते. दुसऱ्यात माणसाची किंमत, त्याची ओळख त्या एका गोष्टीला टांगलेली असते. ती केली नाही तर अपराधी वाटतं, आणि करताना बाकी सगळं बाजूला सरतं. त्यांनी क्वेबेकमधले सायकलवाले तपासले. तिथे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ असतं, सायकल चालवणं सरळसरळ धोक्याचं. तरीही चालवत राहणाऱ्यांमध्ये दुसऱ्या प्रकारचा ध्यास जास्त आढळला. नाशिकमध्ये सायकलवाल्यांना तोटा नाही, त्यामुळे हे उदाहरण लगेच पोचेल आणि कोणाच्या पक्षाला लागणारही नाही.

खुणा म्हणाल तर मी पुढचे प्रश्न ठेवीन. थांबता येतं का? म्हणजे आजारपण, मुलाची परीक्षा, घरातलं लग्न अशा वेळी आठ दिवस बाजूला ठेवलं तर चिडचिड, अपराधीपणा, चोरून करणं सुरू होतं का? कोणती गोष्ट घडली तर मी माझं मत बदलेन, हे एका वाक्यात लिहिता येतं का? 'काहीही झालं तरी नाही' हे उत्तर आलं तर तिथे पेन्सिलीने खूण करा. हेच कृत्य समोरच्या गटाने केलं असतं तर मी काय म्हणालो असतो? आणि सगळ्यात उपयोगी प्रश्न: आमच्या गटात शंका विचारणाऱ्याचं काय होतं? उत्तर मिळतं, टाळलं जातं, की त्याच्या हेतूवरच संशय घेतला जातो? हा शेवटचा प्रश्न माणसापेक्षा गटाबद्दल जास्त सांगतो.

करून घेताना एक पथ्य पाळा. प्रत्येकाने स्वतःचा विषय निवडायचा, शेजाऱ्याचा नाही. क्रिकेट, आहारपद्धती, शेअर बाजार, मोबाइलची कंपनी, काहीही चालेल. कागद गोळा करायचे नाहीत आणि वाचूनही दाखवायचे नाहीत. गोळा करणार म्हटलं की लोक चांगलं दिसेल तेच लिहितात.

सहावी स्कीम

वरचं पटलं, पण 'थांबता येतं का' या खुणेबद्दल जरा जपून. ती सरसकट लावली तर न्यायासाठी चिवटपणे लढणारा प्रत्येक माणूस कट्टर ठरेल आणि घरी बसून दोन्ही बाजू समजून घेणारा शहाणा. आपल्या नाशिकमध्ये बसून तरी हे चालायचं नाही.

२ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकर, दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं. दरवाज्यांवर तुकड्या बसल्या, रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली, लोक तुरुंगात गेले, गावोगावी त्यांची अडवणूक झाली, आणि तरीही हे काही वर्षं चाललं. तीव्रतेत कुठेच कमी नाही. पण १९३४ साली बाबासाहेबांनीच दादासाहेबांना कळवलं की हा मार्ग आता थांबवावा, ताकद राजकारण आणि शिक्षणाकडे वळवावी. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा. हेतू तसूभर हलला नाही आणि साधन मात्र हिशेब करून बदललं. मंदिरात जाऊन मिळणार काय आणि त्यासाठी खर्ची पडणार काय, हा प्रश्न चळवळीच्या आतच विचारता येत होता.

माझ्या मते खरी खूण इथे आहे. कट्टर माणसाला साधन बदलता येत नाही, कारण त्याच्यासाठी साधन हेच ध्येय झालेलं असतं. मोर्चा, उपास, बहिष्कार, विशिष्ट पोशाख, ठरावीक घोषणा, यातलं काही सोडायचं म्हटलं की ती गद्दारी. त्यामुळे तुमच्या कागदावर आणखी एक ओळ घाला: 'मला नेमकं काय साधायचंय, आणि त्याकडे जाणारे दुसरे दोन मार्ग कोणते?' दुसरा मार्ग सुचतच नसेल तर जरा थांबून बघायला हवं.

आडगाव नाका

खोलीतल्या सगळ्यांना एकदम पोचेल अशी कृती सांगतो. वीस मिनिटांत होते.

१९७० च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये हेन्री ताइफेल यांनी १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलांवर प्रयोग केला. मुलांना क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रं दाखवली, नावं न सांगता, आणि 'तुमच्या आवडीवरून तुम्ही अमुक गटात' असं सांगितलं. गट खरं तर चिठ्ठ्या टाकल्यासारखेच पाडले होते. गटात दुसरं कोण आहे तेही मुलांना ठाऊक नव्हतं. मग प्रत्येकाने आपल्या गटातल्या एकाला आणि दुसऱ्या गटातल्या एकाला गुण वाटायचे. स्वतःला काहीच मिळणार नाही. एक तक्ता असा होता:

आपला: ७, ८, ९, १०, ११, १२, १३, १४, १५, १६, १७, १८, १९
त्यांचा: १, ३, ५, ७, ९, ११, १३, १५, १७, १९, २१, २३, २५

एकच उभी जोडी निवडायची. उजव्या टोकाला आपल्या माणसाला सगळ्यात जास्त म्हणजे १९ मिळतात, पण समोरच्याला २५. मधे १३-१३, बरोबरी. डाव्या टोकाला आपल्याला फक्त ७, पण त्यांना १. म्हणजे डावीकडे सरकणारा माणूस आपल्याच गड्याचे गुण घालवतो, कशासाठी, तर 'ते' आपल्या खाली राहावेत म्हणून. मुलांचा कल डावीकडे दिसला. बरोबरीचंही आकर्षण होतं, पण नफ्यापेक्षा फरक मोठा ठरला. ना धर्म, ना जात, ना इतिहास. दोन चित्रकार पुरले.

तुम्ही चित्रांऐवजी निळ्या आणि हिरव्या चिठ्ठ्या घ्या. काय बिघडतं तेही सांगून ठेवतो. माणसं जोडीजोडीने, ओळखीने बसली असतील तर ती आधी हलवा, नाहीतर 'माझ्या मित्राला दिले' एवढंच निघेल. रंग जाहीर करायला लावू नका, चिठ्ठी खिशात. चर्चा न करता निवड एकट्याने, लेखी. आणि 'हा कट्टरपणावरचा खेळ आहे' हे आधी अजिबात सांगू नका, नाहीतर अख्खी खोली १३-१३ लिहून मोकळी होईल. एवढं करूनही बरेच जण बरोबरीच निवडतील, त्याला नाव ठेवू नका. तीन-चार कागद डावीकडे गेले तरी बोलायला भरपूर मिळतं.

जाता जाता: आपल्याकडे सिंहस्थात वैष्णव आखाडे रामकुंडावर आणि शैव आखाडे त्र्यंबकच्या कुशावर्तावर स्नान करतात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामागे १८व्या शतकातला संघर्ष आहे, आणि तो तत्त्वज्ञानावरून नव्हता. आधी पाण्यात कोण उतरणार, या मानावरून होता. पेशवाईत जागाच वेगळ्या केल्या गेल्या. कोणी कोणाचं मतपरिवर्तन केलं नाही. अठ्ठावीस-तीस किलोमीटरचं अंतर टाकलं आणि क्रम ठरवून दिला. फ्रॉइडने म्हटलं होतं की लोक लहान फरकांवरूनच जास्त ईर्ष्येला पेटतात. ज्याच्याशी आपलं पंचाण्णव टक्के जुळतं त्याच्याबरोबर उरलेल्या पाचावरून. प्रशासनाला हे मानसशास्त्राच्या पुस्तकांपेक्षा आधी कळलेलं दिसतं.

द्वारका सर्कल

'पुरावा दाखवला तर माणूस उलटा घट्ट होतो' हे वाक्य सत्रात कोणीतरी फेकणारच, त्यासाठी तयार राहा. २०१० मध्ये नायहन आणि रायफ्लर यांच्या अभ्यासात तसं काही दिसलं होतं आणि ते जगभर पसरलं. नंतर वुड आणि पोर्टर यांनी दहा हजारांहून जास्त लोकांवर ५२ मुद्दे तपासले. उलटा परिणाम जवळजवळ सापडलाच नाही. दुरुस्ती दाखवली की बहुतेक लोक ती वस्तुस्थिती म्हणून स्वीकारतात. गंमत पुढे आहे. आकडा मान्य करतात आणि बाजू तीच ठेवतात. 'ठीक आहे, तो फोटो खोटा असेल, पण त्या लोकांचं एकंदरीत तसंच असतं.' म्हणजे अडचण माहितीच्या पायरीवर फार थोडी असते. ती आपलेपणाच्या पायरीवर असते: हे मत सोडलं तर माझी माणसंही सुटतील का?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फेस्टिंगर यांचंही नाव निघेल. शिकागोजवळच्या एका गटाला २१ डिसेंबर १९५४ ला महापूर येणार, यान येऊन आपल्याला नेणार अशी खात्री होती. पूर आला नाही, तेव्हा 'आपल्या भक्तीमुळे जग वाचलं' असा संदेश त्यांना मिळाला आणि तोवर पत्रकारांना टाळणारी ही माणसं स्वतः फोन करू लागली, अशी ती मांडणी. उदाहरण जबरदस्त आहे, पण त्यावर सगळा डोलारा उभारू नका. गट लहान, त्यात संशोधकांनी घुसवलेली निरीक्षक मंडळीच बरीच, आणि त्यांच्या असण्याने गटाच्या वागण्यावर परिणाम झाला असणार, ही टीका रास्त आहे.

त्यापेक्षा भक्कम हाताशी येतं ते यांत्रिक प्रश्नातून. २००२ मध्ये येलच्या रोझेनब्लिट आणि काइल यांनी लोकांना विचारलं, चेन म्हणजे झिप कशी लागते, संडासचा फ्लश कसा चालतो, हे तुम्हाला १ ते ७ मध्ये किती समजलंय? मग पायरी-पायरीने लिहायला लावलं. पुन्हा विचारलं तर स्वतःला दिलेले गुण घसरले. पुढे २०१३ मध्ये फर्नबाख वगैरेंनी हेच राजकीय धोरणांवर केलं. 'तुमचं मत का आहे' असं विचारलं की लोक कारणं देतात आणि पाय आणखी रोवतात. 'हे धोरण लागू झाल्यापासून परिणाम दिसेपर्यंत काय-काय घडेल ते क्रमाने सांगा' असं विचारलं की अडखळतात. समज कमी असल्याची जाणीव बहुतेक वेळा होते; मत मात्र त्यामुळे प्रत्येक वेळी मवाळ होतं असं नंतरच्या चाचण्यांत दिसलेलं नाही. तरी घरी, चर्चेत, 'का'ऐवजी 'कसं' विचारण्याची सवय फुकटात लागते.

फाळके रोड

@द्वारका सर्कल, बाकी सगळं मान्य, पण फ्लश कसा चालतो हे अंबडच्या इंजिनिअरांना विचारू नका, ते खरंच सांगतील आणि सत्र तिथेच संपेल.

वडाळा पाथर्डी रस्ता

एक बाजू अजून कोणी घेतली नाही, वैद्यकीय. सत्रात तिला दहा मिनिटं तरी द्या, कारण इथे उशीर महागात पडतो.

बहुतेक कट्टर माणसं आजारी नसतात. संघटित अतिरेकी गटांतल्या सदस्यांमध्येही मनोविकार इतरांपेक्षा फार जास्त असल्याचं संशोधनात दिसत नाही. त्यामुळे मतभेद झाला की 'डोक्यावर परिणाम झालाय' हा शेरा बंद. पण काही वेळा जे धर्मवेड किंवा ध्येयवेड वाटतं तो आजार असतो, आणि तो बरा होतो.

किती दिवसांत बदललं, हे सगळ्यात आधी विचारा. गटाच्या नादाने होणारा बदल महिन्यांत होतो. आठ-पंधरा दिवसांत माणूस पार बदलला, दोन-तीन तास झोपूनही ताजातवाना, बोलणं थांबत नाही, एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या, दागिने किंवा बचत वाटून टाकायला निघालाय, 'मला एका खास कामासाठी निवडलंय' म्हणतोय. हा उन्मादाचा झटका असू शकतो. आठवडाभर असं टिकलं तर थांबू नका. घरचे बऱ्याचदा याला साक्षात्कार किंवा बाहेरची बाधा समजतात आणि महिना निघून जातो. तेवढ्यात कर्ज, नोकरी, अपघात, सगळं होऊन बसतं.

दुसरा प्रकार मंत्रचळाचा, ज्याला डॉक्टर ओसीडी म्हणतात. स्तोत्रातला एक शब्द चुकला म्हणून पहिल्यापासून, देवाबद्दल घाणेरडा विचार मनात आला म्हणून शंभर वेळा क्षमा, पूजा अर्ध्या तासावरून तीन तासांवर. बाहेरून अतिरेकी भक्ती दिसते. फरक एवढाच की कट्टर माणसाला आपलं वेड प्रिय असतं, याला ते नकोसं झालेलं असतं; तो स्वतः थकलेला, लाजलेला असतो. यावर औषधं आहेत आणि टप्प्याटप्प्याने 'चूक तशीच राहू द्यायची, पुन्हा म्हणायचं नाही' असा सराव करून घेणारी उपचारपद्धतीही आहे. घरच्यांनी 'काही होत नाही रे, देव क्षमा करतो' असा दिलासा दिवसातून वीस वेळा देणं हे मात्र आजाराला खतपाणी. दिलासा एकदा, मग विषय बदला.

तिसरं, भ्रम. तो सहसा एकट्याचा असतो. दहा हजार माणसं जे मानतात ते तुम्हाला कितीही विचित्र वाटलं तरी डॉक्टर त्याला भ्रम म्हणत नाहीत. आणि पन्नाशीनंतर, आधी कधी नाद नसलेल्या माणसात अचानक एखाद्या गोष्टीचं टोकाचं वेड, सोबत लाजलज्जा कमी होणं, खाण्याच्या सवयी बदलणं किंवा मधेच काही क्षण हरवल्यासारखं होणं दिसलं, तर मेंदूविकारतज्ज्ञाकडे. मेंदूच्या पुढच्या आणि कानशिलाच्या भागाचे काही आजार असे सुरू होतात.

पहिला फोन कुठे, तर टेलिमानस, १४४१६. सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. जीव देण्याची किंवा कोणाला इजा करण्याची भाषा असेल तर फोनवर चर्चा करत बसू नका, माणसाला एकटं सोडू नका, थेट रुग्णालय गाठा. फसवून, 'दुसऱ्याच कामाला चाललोय' म्हणून नेणं टाळा. पुढच्या वेळी तो येत नाही.

गोदाकाठची वाचक

किती मनापासून लिहिताय सगळे, आभार! चिठ्ठ्यांचा खेळ नक्की. फ्लश रद्द. 😄 घरात बोलण्याबद्दल कोणी सविस्तर सांगेल का? आमच्या गटात किमान दोन घरांत हा प्रश्न जिवंत आहे, म्हणून वरवरचं नको.

पेठ फाटा

ताई, सांगते. यात नवीन काही नाही, व्यसनमुक्तीच्या समुपदेशनात मिलर आणि रोलनिक यांनी घडवलेली पद्धत आहे, ती इथे बऱ्यापैकी चालते. अट एक: आधी काय करायचं नाही ते ठरवा.

घरातल्या सगळ्यांनी सोफ्यावर ओळीने बसून त्याला समोर खुर्चीत बसवायचं नाही. मामा, काका, शेजारचे साहेब, सगळे एकदम. ते न्यायालय होतं, आणि आरोपी बचावच करणार. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक अक्षर नाही. त्याच्या गुरूची, नेत्याची, खेळाडूची टिंगल नाही. ती त्याच्या अंगावर पडते. 'ते की आम्ही' असं कधीही विचारू नका, कारण उत्तर 'ते' आलं तर तुमच्याकडे पुढची चाल उरत नाही. आणि पैशाचं आमिष नाही. 'तिकडे जाणं सोड, बाइक घेऊन देतो' हे उलटतं. २००७ मध्ये गिंजेस, अ‍ॅट्रन आणि सहकाऱ्यांनी इस्रायली आणि पॅलेस्टिनी लोकांमध्ये हेच तपासलं: जी गोष्ट पवित्र मानली जाते तिच्या बदल्यात पैसे देऊ केले की राग आणि हिंसेला पाठिंबा वाढतो, समोरच्याने चूक कबूल केली, मान राखला, की तो उतरतो. घरातही क्रम तोच. आधी मान.

आता करायचं काय. वेळ अशी निवडा की तोंडासमोर तोंड नसेल: गाडीत, चालताना, भाजी निवडताना. दोघंच. वीस-पंचवीस मिनिटं पुरे, आठवड्यातून एकदा पुरे. मधल्या सहा दिवसांत त्या विषयाव्यतिरिक्त बोलणं चालू ठेवा, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं. कट्टर गट माणसाचं जग अरुंद करत नेतो, आणि घरचेही त्याच्याशी फक्त त्याच विषयावर भांडत राहिले तर ते गटाचंच काम करतात.

बोलताना एक प्रश्न विचारला की दोनदा त्याचंच म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगायचं. म्हणजे असं:

"तिथे जाऊन तुला सगळ्यात काय बरं वाटतं?"
"तिथे माझं ऐकून घेतात."
"म्हणजे घरी ऐकलं जात नाही असं वाटतं."
"नाहीच ऐकत. बाबा तर पहिल्या वाक्यालाच उठतात."
"पहिल्या वाक्यालाच. तिथे मात्र शेवटपर्यंत बसतात."
"हो... म्हणजे, काही विषयांवर. सगळ्यांवर नाही."

हे 'सगळ्यांवर नाही' तुम्ही म्हणाला असतात तर त्याने खोडून काढलं असतं. ते त्याने स्वतः म्हटलं. इथे जिंकल्याच्या आविर्भावात 'बघ, तूच म्हणालास!' केलं की संपलं, पुढचे दोन महिने वाक्य निघणार नाही. फक्त 'कुठले विषय?' एवढंच विचारा किंवा गप्प राहा.

थोडा विश्वास जमला की आकड्याचा प्रश्न. 'ते सांगतात त्यातल्या अमुक एका गोष्टीवर तुझा ० ते १० मध्ये किती विश्वास?' सगळ्या पंथावर नाही, एका गोष्टीवर. ८ म्हणाला तर '१० का नाही?' उरलेल्या दोनात त्याची स्वतःची शंका दडलेली असते आणि ती सांगायला त्याला हरकत वाटत नाही, कारण तुम्ही त्याचे ८ हिसकावत नाही आहात. १० म्हणाला तर खोदत बसू नका. 'बरं' म्हणा, चहा टाका.

माणसं बाहेर कशी पडतात हेही सांगते, म्हणजे अपेक्षा ताळ्यावर राहतील. नॉर्वेत १९९७ ला आणि स्वीडनमध्ये १९९८ ला अतिउजव्या टोळ्यांतून बाहेर पडणाऱ्यांसाठी 'एक्झिट' नावाचे उपक्रम सुरू झाले. अशा कामांतून वारंवार दिसतं की विचार खोटा ठरला म्हणून सुरुवातीला फार थोडे सोडतात. आतल्या लोकांचं वागणं बघून, पैशांच्या भानगडी, वरिष्ठांचा दुटप्पीपणा, नुसता थकवा, किंवा बाहेर कोणीतरी वाट बघतंय म्हणून सोडतात. विचार नंतर, सावकाश सुटतो. म्हणून गटाच्या सिद्धांतावर हल्ला करण्यापेक्षा तो स्वतः तिथल्या कुणाच्या वागण्याबद्दल कुरकुर करेल तेव्हा कान द्या. 'मी सांगत नव्हते?' हे तीन शब्द गिळायचे.

आणि तो परत आला की पहिले काही महिने अवघड. मित्र एका झटक्यात गेले, संध्याकाळी रिकाम्या, 'आपण इतके मूर्ख कसे' ही लाज. याच काळात माणूस दुसरा तितकाच कट्टर गट पकडतो, कधी नेमका विरुद्ध टोकाचा. विचारसरणी बदलते, वागण्याची तऱ्हा तीच. त्यामुळे संध्याकाळ भरेल असं काहीतरी आधीच तयार ठेवा, ज्यात चार नवी माणसं असतील आणि कोणी जाब विचारणार नाही. ट्रेकिंगचा गट, तालीम, तबला, काहीही.

द्वारका सर्कल

@पेठ फाटा उत्तम. एक भर, पैशांची. घरच्यांनी संयुक्त खातं, जामीन, घराची कागदपत्रं एवढं शांतपणे वेगळं काढून ठेवावं. ते अविश्वास म्हणून करायचं नाही, सगळ्यांचंच एकदम करायचं, म्हणजे एकट्यावर बोट येत नाही. 'जेवणखाण, औषध, शिक्षण याला कधीही. वर्गणी, शिबिर, माल भरणं याला नाही' ही रेघ एकदाच सांगा आणि परत परत त्यावर चर्चा करू नका.

सहावी स्कीम

वकील मंडळी असणार आहेत म्हणून: गट किंवा जातपंचायत बाहेर पडणाऱ्याला वाळीत टाकत असेल तर महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जातपंचायतींच्या विरोधातलं अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं (अंनिस) काम २०१३ मध्ये नाशिकमधूनच जोरात सुरू झालं, त्याला हा कायदा हे एक फळ. भूत उतरवतो म्हणून मारहाण, चमत्काराच्या नावाखाली लुबाडणूक यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा वेगळा; त्यात सहा महिने ते सात वर्षं शिक्षा. नुसत्या श्रद्धेला, पूजेला, वारीला यातला कुठलाच कायदा हात लावत नाही, हे वकिलांकडूनच वदवून घ्या. तुम्ही सांगितलंत तर वाद होईल.

आडगाव नाका

ताई, वेळेचं गणित सुचवतो. चिठ्ठ्यांचा खेळ अगदी सुरुवातीला, ओळख-प्रास्ताविकाच्याही आधी. स्वागताचं भाषण झालं की लोक सावध होतात. तिथून अर्धा तास. मग मखमलाबादवाल्यांचा स्वतःपुरता कागद, पंधरा मिनिटं, पूर्ण शांतता. वैद्यकीय दहा. उरलेला वेळ पेठ फाटा ताईंच्या संवादाला द्या: दोघांच्या जोड्या पाडा, एकाने चहा-कॉफी किंवा क्रिकेटच्या कुठल्या तरी मतावर अडून बसायचं, दुसऱ्याने पाच मिनिटं एकही विधान न करता फक्त विचारायचं आणि परत सांगायचं. पहिल्या मिनिटातच निम्मे लोक 'पण तुला असं वाटत नाही का...' म्हणून घसरतात, तो प्रश्न नाही, ते विधानच. असं झालं की अडून बसलेल्याने तेवढ्यापुरता हात वर करायचा. आणि तक्ता फळ्यावर लिहू नका, प्रत्येकाच्या हातात वेगळ्या कागदावर द्या, नाहीतर पुढच्या रांगेने बोट कुठे ठेवलं ते मागचे बघतात. ३० प्रती काढा, दोन-चार जास्तच.